घामाचा हिशेब

मे महिन्यातली पहाट. मलकापूरहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडायच्या आतच पाच-सहा मुले धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कुणी सैन्यभरतीची. जानेवारीत हीच मुले सकाळी आठला निघत आणि सोळाशे मीटर पळून झाल्यावरही हसत-बोलत असत. आता सातच्या सुमाराला शेवटची फेरी मारताना पाय जड होतात, घड्याळ दहा-पंधरा सेकंद जास्त दाखवते आणि त्यांना शिकवणारा माजी सैनिक ओरडतो, "आळस आला काय रे अंगात?"

त्याच दिवशी दुपारी दीड वाजता आम्ही मलकापूर स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरचे हे स्थानक. दूरवर रुळांशेजारून डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस वाकून रूळ बघत चालला होता. तापलेला रूळ प्रसरण पावतो आणि जागा मिळाली नाही तर वाकतो, म्हणून रेल्वे उन्हाळ्यात खास गस्त घालते. रुळांचे तापमान हवेपेक्षा सुमारे वीस अंशांनी अधिक चढते. रुळाला धोका असतो तो नेमका दुपारी, म्हणून माणसानेही नेमके दुपारीच चालायचे! मध्येच तो कडुनिंबाखाली पाच मिनिटे टेकला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बघा, सरकारी काम असंच चालतं."

पहाटेच्या त्या मुलाला आणि दुपारच्या या कामगाराला एकच शेरा मिळाला: आळशी. हा शेरा बरोबर आहे का, हे तपासायला थोडे पदार्थविज्ञान, थोडे शरीरशास्त्र आणि पाचवी-सहावीचे गणित पुरेसे आहे.

शरीर नावाची भट्टी

आपण स्नायू वापरतो तेव्हा अन्नातील ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. साठ किलो वजनाचा तरुण तासाभरात दहा किलोमीटर धावला तर सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. त्यातल्या जवळजवळ ४८० किलोकॅलरींची शरीरात उष्णता होते असे धरू.

आता शरीराची विशिष्ट उष्णता पाहू. पाण्याची १, तर शरीराची सुमारे ०.८३. म्हणजे साठ किलोचे शरीर एका अंशाने तापायला ६० × ०.८३, म्हणजे अंदाजे ५० किलोकॅलरी लागतात. ४८० भागिले ५० केले तर उत्तर येते साडेनऊच्या वर. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर धावणाऱ्याचे तापमान एका तासात ३७ वरून ४६ अंशांच्या पुढे जाईल. दर सहा मिनिटांनी एक अंश! शरीराच्या आतले तापमान ४० च्या वर गेले की जिवाला धोका सुरू होतो. म्हणजे धावणारा माणूस जिवंत राहतो तो केवळ ही उष्णता सतत बाहेर टाकता येते म्हणून.

बाहेर टाकण्याचे मार्ग चार: वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. पहिल्या तिघांची एक अट आहे. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. जानेवारीत सकाळी हवा १५ अंशांवर असते, त्यामुळे त्वचेची उष्णता हवेत सहज जाते. मे महिन्यात मलकापूरची हवा ४४ अंशांवर गेली की गणित उलटे होते. तेव्हा हवाच शरीराला तापवते, वरून ऊन तापवते आणि खालून जमीनही तापवते. तीन दारे नुसती बंद होत नाहीत, त्यांतून उष्णता आत शिरते. उरते एकच दार, घामाचे.

मलकापूरला हे अधिक जाणवण्याचे भौगोलिक कारणही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग लोक नेहमी बोलण्यात वापरतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर त्याहून सुमारे चारशे मीटर उंच. वर जाणारी हवा प्रसरण पावून थंड होते, त्यामुळे एवढ्या उंचीला तीन-चार अंशांचा फरक पडतो. घाट चढला की जीव हलका होतो, तो यामुळे.

माठ, कूलर आणि कातडी

एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ही बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. आपल्या धावपटूच्या ४८० किलोकॅलरी बाहेर काढायला किती घाम लागेल? ४८० भागिले ०.५८, म्हणजे सुमारे ८३० ग्रॅम. पाऊण लिटरहून थोडा अधिक. हे अर्थात हवेकडून येणारी उष्णता न मोजता. मेहनत करणारा माणूस तासाला एक ते दीड लिटर घाम सहज गाळतो, कधी त्याहूनही जास्त.

मात्र एक गोष्ट विसरू नये. घाम *वाळला* तरच उष्णता जाते. टपकून जमिनीवर पडलेला किंवा रुमालाने पुसलेला घाम फुकट गेला. त्यात फक्त पाणी आणि मीठ गेले, उष्णता तिथेच राहिली.

हे तत्त्व विदर्भात घरोघरी वापरात आहे. माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार राहते. कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून हवा जाते तेव्हा ती ताट्यांतले पाणी सुकवते आणि त्या बदल्यात स्वतः गार होते. मे महिन्यात गारठा देणारा तोच कूलर जूनच्या शेवटी नुसती ओलसर हवा फेकतो. यंत्र बिघडलेले नसते, हवेत वाफ सामावून घ्यायला जागाच उरलेली नसते. आपली कातडी हाही एक कूलरच आहे, आणि तो त्याच कारणाने निकामी होतो.

कोरड्या हवेत घाम काय करू शकतो याचा एक जुना प्रयोग आहे. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले. एका वेळी ब्लॅग्डेन सुमारे १२७ अंश सेल्सियस तापमानात आठ मिनिटे राहिला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी भाजून निघाली, मांसाचा तुकडा शिजला. माणसे मात्र धडधाकट बाहेर आली. मांसाला घाम येत नाही, माणसाला येतो. खोलीतली हवा दमट असती तर हा प्रयोग सांगायला कुणी उरले नसते.

४४ अंश की ३४?

यावरून लक्षात येईल की नुसते तापमान सांगून भागत नाही. वर्गात करता येईल असे साधे उपकरण घ्या: दोन तापमापक. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि तिचे टोक पाण्यात सोडा. बाष्पीभवनामुळे ओल्या फुग्याचे तापमान कमी दिसेल. घाम वाळून शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याचे ते माप आहे.

समजा मलकापूरला तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. ओला फुगा दाखवील सुमारे २३ अंश. त्याच वेळी मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तिथला ओला फुगा दाखवील सुमारे २९ अंश! घामाच्या दृष्टीने मुंबईचे ३४ हे मलकापूरच्या ४४ पेक्षा अवघड ठरतात. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मलकापुरात पारा ४० वर उतरून आर्द्रता ४० टक्क्यांवर गेली, तर ओला फुगा २८ च्या पुढे जातो. तापमान चार अंशांनी उतरूनही 'जीव घाबरा होतो' असे लोक म्हणतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

पण उन्हाचाही हिशेब धरायला हवा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पॅरिस आयलंड येथील नौसैनिक प्रशिक्षण तळावर जवान उष्माघाताने आजारी पडू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी एक सूत्र बसवले. ओल्या फुग्याचे तापमान गुणिले ०.७, काळ्या धातूच्या गोळ्यातले तापमान गुणिले ०.२ आणि साध्या तापमापकाचे तापमान गुणिले ०.१, तिन्हींची बेरीज. काळा गोळा उन्हाचे प्रारण मोजतो. आपल्या उदाहरणात उघड्यावरच्या ओल्या फुग्याचे २५, गोळ्याचे ६० आणि हवेचे ४४ धरले, तर १७.५ + १२ + ४.४, म्हणजे जवळजवळ ३४. मुंबईसाठी ३०, ४८ आणि ३४ धरले तर २१ + ९.६ + ३.४, म्हणजे तेही ३४. दोन गावांचा उन्हाळा वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचला. मलकापूरच्या माणसाने मात्र सावली गाठली तर त्याच्या बेरजेतले गोळ्याचे ६० एकदम ४४ वर येतात. कडुनिंबाखाली टेकलेल्या कामगाराने नेमके हेच केले होते.

दमट उन्हात नुसते बसणेही किती महागात पडते, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर भर उन्हात तासन्‌तास बसली होती. त्या भागात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात याला कुणी मोठे ऊनही म्हणणार नाही. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला.

हृदयाची ओढाताण

घाम वाळून त्वचा थंड झाली तरी आतली उष्णता त्वचेपर्यंत आणायला हवी. हे काम रक्त करते. पळताना स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवे असते, आणि त्याच वेळी त्वचेलाही थंड होण्यासाठी रक्त हवे असते. रक्त तर तेवढेच! शिवाय घामावाटे पाणी गेल्याने ते कमीच होत जाते. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात कमी रक्त फेकले जाते आणि ते भरून काढायला ठोके वाढतात. जानेवारीत ज्या वेगाला मिनिटाला १५० ठोके पडत, त्याच वेगाला मे महिन्यात १७० पडू शकतात. मुलाने कमी मेहनत घेतलेली नसते, त्याच्या हृदयाने जास्त घेतलेली असते.

याची मोजमापे झालेली आहेत. १९९७ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे गॅलोवे आणि मॉन यांनी काही तरुणांना ठरावीक जोराने, थकून थांबेपर्यंत, सायकल चालवायला लावली. खोलीचे तापमान तेवढे बदलत नेले. ११ अंशांना ते सरासरी ९३ मिनिटे टिकले, २१ अंशांना ८१ मिनिटे आणि ३१ अंशांना अवघी ५२ मिनिटे. ४ अंशांनाही ते ८१ मिनिटांवरच थांबले, म्हणजे फार थंडीही उपयोगाची नाही.

दोन वर्षांनी कोपनहेगनला गोन्झालेझ-अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. सात सायकलपटूंना व्यायामापूर्वी कधी थंड, कधी कोमट, कधी गरम पाण्यात बसवले आणि मग ४० अंशांच्या खोलीत सायकल चालवायला लावली. आधी थंड झालेले ६३ मिनिटे टिकले, नेहमीच्या तापमानाचे ४६ मिनिटे आणि आधीच तापलेले २८ मिनिटे. पण थांबताना तिन्ही वेळा शरीराच्या आतले तापमान जवळजवळ सारखेच होते, ४० अंशांच्या किंचित वर. शरीराला जणू एक मर्यादा ठाऊक असते आणि तिथे ते काम बंद पाडते. स्वतःच्या वेगाने धावणारा माणूस तर ती मर्यादा येण्याआधीच, नकळत, वेग कमी करतो. हा आळस नव्हे. घरातला फ्यूज उडतो तेव्हा आपण त्याला कामचोर म्हणत नाही.

अपवाद आहे तो थोड्या अंतराच्या शर्यतींचा. शंभर मीटर धावणे किंवा लांब उडी काही सेकंदांत संपते. तेवढ्यात शरीर तापत नाही. उलट ऊबदार स्नायू अधिक जोमाने आकुंचन पावतात. खरा फटका बसतो तो लांब अंतराला. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्यरात्री सुरू केली. तरीही तापमान तिशीच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर होती. ६८ जणींपैकी २८ जणींना शर्यत सोडावी लागली. विजेतीला २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत तिने हे अंतर २ तास १७ मिनिटांत कापले होते. जगातली सर्वोत्तम धावपटू पंधरा मिनिटांनी मागे पडते, तर मलकापूरच्या मुलाच्या पंधरा सेकंदांसाठी ओरडा कशाला?

कामाच्या जागी

खेळाडू शर्यत सोडू शकतो. मजुराला काम सोडता येत नाही, विशेषतः मजुरी मापावर असेल तर. १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे पाहिली. ती बहुतेक उन्हाळ्यातच निघत, कारण तेव्हाच शेतात काम नसते. खड्डा किती खोदला त्यावर पैसे. माती मार्चमध्ये असते तितकीच मे महिन्यात कठीण. पण खोदणाऱ्याच्या हृदयावरचा भार वाढलेला. तो बेताने खणला तर मजुरी बुडते आणि जोर लावला तर जीव धोक्यात येतो. पावसाआधी शेत साफ करताना धसकटे वेचणाऱ्या बाया, वीटभट्टीवरचे मजूर, ट्रकमध्ये गठाणी चढवणारे हमाल, सगळ्यांपुढे हाच पेच असतो.

किती काम बुडते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार ३३-३४ अंशांना मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची क्षमता निम्म्यावर येते. १९९५ साली उष्म्यामुळे भारताचे ४.३ टक्के कामाचे तास वाया गेले आणि २०३० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्के होईल, असा त्यात अंदाज आहे. छपराखालचे कामही यातून सुटत नाही. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांच्या आकड्यांचा अभ्यास करून २०२१ साली दाखवले की वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते. उष्ण दिवसांत कामाचा वेग तर कमी होतोच, पण गैरहजेरीही वाढते.

सवयीचे शास्त्र

"आम्हाला ऊन नवं नाही," असे विदर्भातला माणूस म्हणतो. त्यात बरेच तथ्य आहे. रोज थोडा वेळ उष्म्यात मेहनत केली की आठ ते चौदा दिवसांत शरीर बदलते. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातले मीठ कमी होते आणि ठोके उतरतात. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा १९३० च्या दशकात डॉ. ड्रिओस्टी यांनी नव्या मजुरांना आधी हलके काम देऊन ते हळूहळू वाढवण्याची पद्धत घालून दिली.

पण ही सवय कायमची नसते. तीन-चार आठवडे उन्हापासून दूर राहिले की ती ओसरते. म्हणून हंगामातली पहिली उष्ण लाट, कामाचा पहिला आठवडा आणि आजारातून उठल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. आणि कितीही सवय असली तरी घाम वाळायला कोरडी हवा आणि घाम तयार व्हायला पाणी लागतेच.

लोकांच्या चालीरीतींतही निवड करावी लागते. डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळणे योग्यच. हवा त्वचेपेक्षा गरम असताना कापड उष्णतेला आत येऊ देत नाही, आणि ते ओले असेल तर दुहेरी फायदा. ताक, पन्हे, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी यांतून पाणी आणि क्षार दोन्ही मिळतात. तासन्‌तास घाम गाळून नुसते पाणीच पाणी पिणे मात्र बरे नाही. खिशातला कांदा उष्णता शोषत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

शिक्षकांसाठी काही सूचना. लांब अंतराचा सराव सूर्योदयापूर्वी घ्यावा आणि मार्चमध्ये वेळ बेताबेताने वाढवत न्यावी. सरावाआधी आणि नंतर मुलांचे वजन करावे. साठ किलोच्या मुलाचे सव्वा किलो घटले, म्हणजे दोन टक्के, तर त्याचे पाणी कमी पडले आहे. सराव करताना मुलगा बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मेहनतीने आलेल्या उष्माघातात अंग बऱ्याचदा घामाने ओले असते. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. गाडीची वाट पाहत थंड करणे लांबवू नये, कारण मेंदू आणि यकृत वाचते ते पहिल्या अर्ध्या तासात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे काही उपयोग नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. या मोठ्या सुट्टीत मुलांना एक काम देता येईल. घराच्या सावलीत कोरडा आणि ओला असे दोन तापमापक टांगून सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाचे आकडे वहीत लिहायचे. शेजारी तिसऱ्या रकान्यात बसल्याजागी मिनिटाची नाडी आणि चौथ्यात घरातल्या कष्टकरी माणसाने त्या दिवशी किती वेळा विसावा घेतला ते. मे महिन्यात कोरडा आकडा चढेल, जूनमध्ये तो उतरेल आणि ओला चढेल. शाळा उघडल्यावर सगळ्या वह्या एकत्र ठेवून आलेख काढावेत. चौथ्या रकान्यातल्या विसाव्यांची संख्या कोणत्या आकड्याबरोबर वाढते, ते मुलांनीच शोधावे. मग बापाला आळशी म्हणणाऱ्या मुकादमाला काय उत्तर द्यायचे, ते त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.